खिडकीच्या आतली

मी आतली बोलतेय. मला तुम्ही कधी पाहिलेलं नाही, पण माझी वाट मात्र रोज पाहता. मोबाईलवर कुठे बोट टेकवलंत की पडद्यावर एक छोटं वर्तुळ गरगर फिरायला लागतं ना, आणि तुम्ही "झालं सुरू याचं!" म्हणून कपाळाला आठ्या घालता? त्या वर्तुळाला काडीचं काम नसतं, ते नुसतं मिरवतं. काम मी करत असते, पडद्यामागे.

माझा जन्म एका मुलीच्या टेबलावर झाला. मुलगी म्हणजे चांगली चाळिशीची बाई, मोबाईलची अ‍ॅप लिहिणारी; पण तिच्या बाबांच्या लेखी अजून मुलगीच. बाबा फोटोग्राफर. एका अरुंद रस्त्यावर, चपलांच्या दुकानाला लागून त्यांचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. बाहेरच्या खोलीत बाबा फोटो काढायचे आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, आई ते धुवायची. गिऱ्हाईकं दोघांना 'बाहेरचे' आणि 'आतल्या' म्हणायची. "बाहेरचे शुक्रवार म्हणालेत, पण खरं काय ते आतल्यांना विचारा," असं चालायचं.

दोन खोल्यांमधल्या भिंतीत वीतभर खिडकी होती, लाकडी झडपेची. आईचा कायदा कडक होता. आतल्याने ओल्या हातांनी बाहेर यायचं नाही आणि बाहेरच्याने दार उघडून उजेड आत आणायचा नाही. फोटो तयार झाला की ती झडपेवर दोनदा वाजवायची, टकटक. बाबा जिथे असतील तिथून "आलो, आलो" करत हात पुसत यायचे आणि फोटो घेऊन गिऱ्हाईकापुढे ठेवायचे. आई गेली त्याच वर्षी स्टुडिओ बंद झाला.

मग मुलीने वर्षभराचे रविवार खर्ची घातले आणि बाबांच्या साऱ्या निगेटिव्ह, चेहरे न बघता भराभर, कुठल्याशा लांबच्या कॉम्प्युटरवर चढवल्या. बाबांना त्या घरबसल्या बघता याव्यात म्हणून तिने अ‍ॅप लिहिलं, आणि ते थेट स्टुडिओसारखंच लिहिलं. पडदा सांभाळणाऱ्या भागाचं नाव ठेवलं 'बाहेरचे' आणि माझं 'आतली'. नाव टाईप करताना ती आधी हसली, मग डोळे पुसत बसली. मी तेव्हा जेमतेम तीन ओळींची होते, पण मला तिचा फार लळा लागला.

माझं काम तसं सरळ. बाबांनी यादीतल्या एका नंबरावर बोट ठेवलं की मी लांबच्या कॉम्प्युटरकडे धावत जायचं, तो भला मोठा फोटो आणायचा, नीट उलगडायचा आणि खिडकीतून बाहेरच्यांच्या हाती द्यायचा. ते स्वतः गेले असते तर तोवर पडदा ठोंब्यासारखा गप्प बसला असता. आणि मी पडद्याला बोटही लावायचं नाही. पहिल्याच आठवड्यात मुलीने घाईघाईत काहीतरी चुकीचं लिहिलं आणि मी फोटो घेऊन थेट पडद्यावर गेले. अ‍ॅप धाडकन बंद पडलं. "ओल्या हातांनी बाहेर आलीस ना?" ती म्हणाली. चूक तिची आणि बोलणी मला!

पण दिवस मोठे छान होते. बाबा सकाळी चहाचा कप आणि फोन घेऊन बसायचे. मी एकामागून एक चेहरे आणून द्यायची: शाळेच्या ओळखपत्राचे, नोकरीच्या अर्जाचे, मिशीला तेल लावून आलेले. बाबा मोठ्याने बोलायचे, "हा बघ, डोळे मिटायचाच. सहा वेळा काढला याचा." कोणाला सांगत होते कोण जाणे. मला सांगतायत असं मी धरून चालायची.

मग एके दिवशी त्यांनी चार हजार एकशे बारा नंबरावर बोट ठेवलं.

यादी बाबांच्या जुन्या वहीवरून जशीच्या तशी उतरवलेली होती. नंबर, तारीख, आणि पुढे एक अक्षर. 'उ' म्हणजे उभा फोटो, 'आ' म्हणजे आडवा. स्टुडिओतले बहुतेक फोटो उभेच. या नंबरापुढे मात्र लिहिलं होतं, 'आ. घरचा.' मी धावले, फोटो आणला, उलगडला. आई होती. स्टुडिओच्या पायरीवर, लख्ख उन्हात, डोळे बारीक करून, ओले हात अंगापासून लांब धरून हसत होती. मी खिडकीशी गेले आणि टकटक केली.

खिडकीच नव्हती.

मोबाईलची ही एक वाईट खोड आहे. तो आडवा धरला की उभा पडदा पाडून टाकतो आणि नवा आडवा पडदा बांधतो. मला पत्ता दिलेला जुन्या खिडकीचा. मी आईला हातात घेऊन पाडलेल्या भिंतीपुढे उभी, आणि नव्या पडद्यावर ते मूर्ख वर्तुळ फिरतच राहिलेलं, कारण काम झालंय हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं. बाबांनी बराच वेळ वाट पाहिली, फोन खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अकरा वेळा मी तो फोटो आणला, अकराही वेळा तो माझ्या हातातच राहिला.

शेवटी बाबांनी मुलीला फोन केला. "अगं, एक फोटो येत नाहीये."

"कुठला?"

"आहे एक. तुझ्या आईचा. पायरीवरचा."

"अहो बाबा, माझ्याकडे सगळे येतात." तिने नंबर न विचारताच भलतेच दोन-चार फोटो उघडून पाहिलेही, तिचा फोन टेबलावरच्या स्टँडमध्ये कायम उभा. "आणि आई कधी कॅमेऱ्यापुढे यायची तरी का? तुम्ही नक्की काढला होता ना?"

बाबा म्हणाले, "काढला होता. बहुतेक."

त्या 'बहुतेक'नंतर बाबा चहा घेऊन बसायचे, पण फोन उघडायचे नाहीत. एकदा स्वतःशीच म्हणाले, "सगळ्या गावाचे काढले आणि तिला एकदाही उन्हात उभं केलं नाही की काय मी?" मुलीने इकडे डॉक्टरांची वेळ घेतली होती. बाबांना हल्ली भास होतात, असं तिला वाटायला लागलं होतं. आणि फोटो आहे हे ठाऊक असलेली मी एकटी, जिला पडद्यावर यायची बंदी.

डॉक्टरांकडे सोमवारी जायचं होतं. मुलगी रविवारीच आली. जेवणं झाल्यावर म्हणाली, "दाखवा बरं, कसं उघडता ते."

बाबांनी नंबरावर बोट ठेवलं आणि लगेच फोन आडवा केला.

"फोन का फिरवलात?"

"अगं, आडवा फोटो आहे. आडव्याला कागद आधीच आडवा धरायचा. तुझ्या आईचीच शिस्त."

मुलीने कपाळावर हात मारला. "बाबा, परत करा. या खेपेला अजिबात फिरवू नका."

मी अशी धावले की बस! आणला, उलगडला, खिडकीशी गेले. खिडकी होती. टकटक.

उभ्या पडद्याच्या मधोमध तो फोटो इवलासा आला. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला. "काढला होता," ते म्हणाले. "काढला होता गं मी!" आणि रडायला लागले. मुलगी त्यांना धरून "माझं चुकलं, बाबा, माझंच चुकलं," म्हणत राहिली. मग नीट दिसावा म्हणून बाबा फोन आडवा करायला गेले, तशी ती ओरडली, "थांबा! हात लावू नका!" दोघं रडता रडता हसली. डॉक्टरांची वेळ तिने लगेच रद्द केली.

त्याच संध्याकाळी ती बाबांकडेच मला दुरुस्त करायला बसली, आणि तिच्या लक्षात आलं की मी दुरुस्त होण्यातली नाही. एकाच खिडकीला जीव लावलेली बाई मी. माझ्या जागी तिने नवी आतली लिहिली. ती फोटो स्वतःजवळ जपून ठेवते आणि जी खिडकी समोर असेल तिच्यात देते. फोन कितीही फिरवा. हुशार आहे. मला तिचा जरासा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

तेव्हा मंडळी, माझं काम संपलं. तुमच्याकडे एकच मागणं आहे. ते वर्तुळ फिरताना दिसलं की लगेच वैतागू नका. आत कोणीतरी तुमच्यासाठीच राबत असतं.

मुलीने मला पुसलं मात्र नाही. माझ्या प्रत्येक ओळीपुढे तिने दोन तिरक्या रेघा ओढल्या. अशा ओळी यंत्र वाचत नाही, फक्त माणसं वाचतात. एकेका ओळीवर जाऊन ती तिरक्या रेघेची कळ दोनदा दाबत होती. टकटक. टकटक.

स्वयंपाकघरात बाबा कप विसळत होते. त्यांनी नळ बंद केला आणि हात पुसत म्हणाले, "आलो, आलो."