बरी आहे म्हणायची रीत

दवाखान्याने सासूबाईंना दिलेला मोबाईल दिवसातून तीनदा बोलायचा. आतून कुणा पोरीचा आवाज आजीला हाक मारावी तसा यायचा, "गोगो, आत्ता कशा आहात?" बरं वाटत असेल तर एक दाबायचं, नसेल तर दोन. ज्याचे दोन जास्त, त्यालाच गुटू गावातल्या मोठ्या इस्पितळाची गाडी मिळणार. म्हाताऱ्यांना मागचं नीट आठवत नाही, म्हणून जेव्हाचं तेव्हाच विचारायचं, अशी ती युक्ती होती.

युक्ती कसली डोंबलाची! त्या दिवशी सासूबाई मक्याच्या पिठाचा साद्झा घोटता घोटता थांबल्या, छातीवर मूठ दाबून भिंतीला टेकल्या. चेहरा घामाने डबडबला होता. नेमका तेव्हाच मोबाईल बोलला, आणि या बाईने एक दाबलं.

माझं डोकंच फिरलं. आई, खोटं का सांगितलंत, म्हटलं. तर मलाच ऐकवलं, की तुझ्या आईने तुला काही वळण लावलेलं दिसत नाही. कुणी विचारलं की 'तू बरी तर मी बरी' म्हणायचं असतं. ती पोर स्वतःचं काही दुखतंय म्हणत नाही, मग आपलं दुखणं तिच्या गळ्यात कशाला घालायचं?

मी तशीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. सिस्टर मुचेनांनी कॉम्प्युटरवर पाहिलं, तर सगळे एकच एक. इतकी ठणठणीत म्हातारी अख्ख्या गावात नाही, हिच्यासाठी गाडी कशी मागवू, म्हणाल्या. वर सासूबाईंनाच विचारलं, कशा आहात. त्या हसून म्हणाल्या, तू बरी तर मी बरी.

"सिस्टर," मी वैतागून म्हटलं, "तुम्ही एकदा बरी नाही म्हणा हो."

सिस्टर खुर्चीत टेकल्या आणि खरंच सांगू लागल्या. लेकीचा ताप हटत नव्हता, झोपेचं खोबरं झालं होतं, पाय सुजले होते. सासूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

"मग माझंही ऐक, पोरी. चूल पेटवायला वाकले की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. डावा हात बधिर पडतो. मका काढल्यापासून हे असंच आहे."

सिस्टर ताडकन उठून गाडीला फोन लावायला धावल्या. मका काढून झाल्याला महिने लोटले होते, आणि आम्ही दोघी एकाच चुलीपाशी बसत होतो.

"आई, मला तरी सांगायचंत," मी रडतच म्हटलं.

त्यांनी कमरेच्या कापडाच्या टोकाने माझे डोळे पुसले. "कधी सांगू? रोज सकाळी तुला विचारते, तर तू बरीच असतेस."