बॉनेटखालचा वास

सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला नऊची वेळ मिळाली होती. तीन महिने थांबून मिळालेली. चुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. सकाळचा जप आटोपून मी त्यांना साडेसातलाच गाडीत बसवलं. धाकट्या दिरांनी किल्ली फिरवली. दिवे लागले, पण इंजिन हूं की चूं करेना.

भाऊजींनी बॅटरीला दोष दिला, मग पेट्रोलला, मग मी दार जोरात लावलं त्याला. टॅक्सी बोलावू म्हटलं तर त्यांचा अपमान झाला. घरात गाडी असताना? गाडीत अत्तराचा असा घमघमाट की मी काच खाली केली.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. दिवे इतके लख्ख लागतात म्हणजे बॅटरी ठणठणीत, म्हणाला, आणि बॉनेट उघडून दोन पावलं मागे सरला. आत चिंध्यांचं घरटं, कुरतडलेली वायर आणि बॅटरीमागे फुगलेला उंदीर. अंगावर अळ्या वळवळत होत्या.

"औषध घातलं होतं का?" त्यानं विचारलं.

आठ दिवसांपूर्वी, भाऊजी पुटपुटले. वास सुटल्यावर कळलंच होतं, पण हात कोण घालणार, म्हणून आत अत्तर मारत राहिले. आईला काय, दिसत तर नाही, असंही म्हणाले. काच खाली होती. सासूबाईंनी नुसतं तोंड फिरवलं.

वायर दहा मिनिटांत जोडतो, आधी तो काढा, मेकॅनिक म्हणाला. भाऊजी नाकाला रुमाल लावून फाटकाशी जाऊन उभे राहिले. आठ वाजत आले होते. मी हाताला पिशवी गुंडाळली. ओढलं, तर शेपूटच हातात आलं. दुसऱ्यांदा बोटं पोटात रुतली आणि पिशवी फाटली. त्या मुक्या जिवाची किळस आली, खोटं कशाला बोलू. पण फाटकाकडे बघून आली तेवढी नाही.

तीनदा साबण लावला. गाडी सुरू झाली. भाऊजी रुबाबात स्टिअरिंगवर बसले. मी मागे बसू लागले तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसनं या. हाताला वास येतोय तुमच्या."

सासूबाईंनी चाचपडत माझा तोच हात धरला.

"तू उतर," त्या मुलाला म्हणाल्या. "गाडी मेकॅनिकदादा नेतील."

भाऊजी हसले. त्या हसल्या नाहीत. मेकॅनिकनं हात पुसून किल्ली घेतली.

नऊला पाच कमी असताना पोचलो. रस्ताभर त्यांनी हात सोडला नाही; मला मात्र तो वास माझ्याच नाकाशी नकोसा झाला होता.