मागच्या दारावरचा टायर

मी टायर बोलतोय. रस्त्यावर धावणारा नव्हे. मोठ्या गाडीच्या मागच्या दारावर टांगलेला असतो ना, तो. दुकानात होतो तोवर मला सगळे 'तो टायर' म्हणायचे. दारावर चढलो आणि 'ती स्टेपनी' झालो. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. उपेक्षा माझ्या पाचवीलाच पुजलेली, आणि त्यातून मी पाचवाच!

आम्हा पाच भावांना निवडलं ते एका बाईंनी. त्या मधमाश्या पाळायच्या. एकीकडचा फुलोरा सरला की पेट्या उचलायच्या आणि नव्या फुलोऱ्यावर नेऊन ठेवायच्या. गाडी त्यांचे यजमान, म्हणजे आमचे मालक चालवायचे. माश्यांना ते मनापासून घाबरत. पेट्या उतरवताना काचा वर करून आत बसून राहायचे आणि आतूनच सूचना द्यायचे.

दुकानात मालकांची नजर जाड, खडबडीत नक्षीच्या टायरांवर गेली. "हे घेऊ. गाडी कशी रुबाबदार दिसेल!"

"आधी ओढायचं काय ते सांगा," दुकानदार म्हणाला.

"भरलेला ट्रेलर," बाई म्हणाल्या. "टायरची बाजू मऊ नको. वळणावर गाडी डुलते आणि पेट्या कलतात. वजन पेलणारे दाखवा."

दुकानदाराने आम्हाला पुढे ढकललं आणि बाजूवर कोरलेला वजनाचा आकडा दाखवला. मालकांनी नाक मुरडलं. "दिसायला अगदीच मिळमिळीत आहेत."

"एकदा दिसण्यावर भाळले, तेवढं पुरे झालं," बाई म्हणाल्या. दुकानदाराला हसता हसता ठसका लागला.

मालकांचं म्हणणं, चार बास, जुनी स्टेपनी आहे की. बाईंनी ऐकलं नाही. "अहो, चाक बसलं तर तिलाच ओढायचंय ना सगळं? ती लेचीपेची कशी चालेल?" म्हणून मी आलो.

माझे चार भाऊ खाली धावायचे. दगड, चिखल, डांबर, सगळं त्यांच्या वाट्याला. पुढचा रस्ता मला कधी दिसला नाही. जे मागे पडलं तेवढंच दिसायचं. ट्रेलर जोडलेला नसला की सिग्नलला मागच्या गाड्यांमधली माणसं दिसत. नाकात बोट घालत, आरशात केस सारखे करत, एकटीच स्वतःशी भांडत. मी बघतोय हे त्यांच्या गावीही नसे. ट्रेलर जोडलेला असला की मात्र सोबत असायची. पेट्यांमधून अखंड गुणगुण यायची.

हवा भरायला थांबलो की बाई खाली उतरून माझ्यावर थाप मारायच्या. "हिला विसरू नका," असं हवावाल्याला बजावायच्या. मालक म्हणायचे, "तिचं काय एवढं? ती कुठे चालतेय?" तरी मला हवा मिळायची.

मग बाई आजारी पडल्या आणि दवाखान्यातून परत आल्या नाहीत. मालकांचं बोलणंच आटलं. पेट्यांकडे ते लांबूनच बघायचे. शेवटी बाईंच्या भावाने गिऱ्हाईक आणलं. "भाऊजी, तुम्हाला हे झेपायचं नाही. एवढ्या पेट्या पोचवा आणि मोकळे व्हा."

पहाटे गड्यांनी पेट्यांची दारं जाळीने बंद करून ट्रेलर भरला. बाईंचा नियम होता, ऊन चढायच्या आत पोचायचं. मालकांना तो माहीत होता. पण गाडी सुरू करून ते नुसतेच बसून राहिले. निघालो तेव्हा ऊन वर आलं होतं.

आडरस्त्यावर मागचं एक चाक बसलं. मालकांनी नट सोडले आणि मला दारावरून उतरवलं. मला केवढा आनंद झाला! एवढी वर्षं मी ज्याची वाट पाहिली तो दिवस उजाडला होता. त्यांनी मला बसवलं, जॅक खाली घेतला, आणि मी तिथेच फतकल मारून बसलो. माझ्यात हवाच नव्हती. बाई गेल्यापासून कुणी भरलीच नव्हती.

मालकांनी मेव्हण्याला फोन लावला. यायला संध्याकाळ होईल, असं तो म्हणाला. इकडे ट्रेलरमधली गुणगुण चढत चालली होती. पेट्या तापल्या होत्या. असंच राहिलं असतं तर माश्या आतच गुदमरून मेल्या असत्या. मालक ट्रेलरपाशी गेले, मागे फिरले, पुन्हा गेले. मग त्यांनी शर्टाची कॉलर वर केली आणि एकेक जाळी काढायला घेतली. माश्यांनी त्यांना सोडलं नाही. त्यांचे डोळे सुजले, ओठ सुजला. "थांबा गं, थांबा," असं काहीतरी पुटपुटत त्यांनी शेवटची पेटीही उघडली. माश्यांचा ढग बाहेर पडला आणि रानात पांगला.

मग मालक रस्त्याच्या कडेला बसून ओक्साबोक्शी रडले. बाई गेल्यावर मी त्यांना रडताना प्रथमच पाहिलं.

त्यानंतर त्यांनी मला सोडवून उभं केलं आणि हाताने ढकलत हवावाल्याच्या दुकानाकडे निघाले. चढावर दम लागला की माझ्यावर रेलून उभे राहायचे. मी रस्त्यावर धावत होतो! तो सुजलेला चेहरा बघून हवावाला म्हणाला, "अहो, झालं तरी काय?" मालक म्हणाले, "काही नाही. आधी हिच्यात हवा भरा."

परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. माश्या आपापल्या पेट्यांत शिरत होत्या. सगळ्या नाही वाचल्या. पुढच्या दोन पेट्या गप्प होत्या. मालकांनी बाकीच्यांची दारं स्वतः लावली आणि गिऱ्हाइकाला फोनवर सांगितलं, "माफ करा, पेट्या देत नाही." मग त्यांनी मला बसलेल्या चाकाच्या जागी लावलं आणि गाडी वळवून आम्ही घरी आलो.

काही दिवसांनी ते नवे टायर घ्यायला गेले. भाऊ झिजले होते, त्यांचं काही नाही. पण दुकानदाराने माझ्या बाजूवर नख फिरवलं. उन्हाने तिथे बारीक भेगा पडल्या होत्या. "नक्षी नवी आहे, पण रबर म्हातारं झालं. ट्रेलरला ही नको."  जाताना मालकांनी माझ्या अंगावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आता मी दुकानामागच्या ढिगात पडलोय. नव्या स्टेपनीचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? तिच्यासमोर ट्रेलर आहे. माझ्या पोटात पाणी साचलंय, त्यावर डास गुणगुणतात, आणि क्षणभर मी फसतो. शेजारचे टायर कुठेकुठे फिरून आल्याच्या गप्पा मारतात. मी गप्प ऐकतो.

मालक, सांभाळून जा. पेट्यांना जपा. घरापर्यंत गाडीखालीही धावलो, पण त्या दुपारी तुमचा हात माझ्या पाठीवर होता, तेवढाच रस्ता खरा माझा.