दोन भोकांचा जबडा

मी जबडा बोलतेय. बोलायचं काम जबड्यानं नाही करायचं तर कुणी? माकडांच्या खापरपणजीच्याही कितीतरी आधीचं आमचं कुळ, अंगानं मांजराएवढं. आता त्यातलं कुणीच उरलं नाही.

पाच कोटी वर्षांपूर्वी मी फांदीवर पिल्लाला पाजत बसले होते. मागून झडप आली. दोन सुळे हाडात कचकन रुतले, मान पिरगळली गेली. पिल्लू कुठे पडलं, तेही पाहू दिलं नाही मेल्यानं! उरलीसुरली मी चिखलात गेले, चिखलाचा दगड झाला. मग एक दिवस खाणीत सुरुंग उडाला आणि उजेडात आले. शांतपणे काही घडणं माझ्या नशिबातच नाही.

मला दगडातून सोडवलं ताईनं. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत बसून सुईनं कण कण कोरायची. इतका हलका हात! पण ऐन उन्हाळ्यात बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. मला नसत्या चौकशांची सवय नाही, पण नजर जातेच ना.

माझ्या कार्डावर कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं, ‘मृत्यू: झाडावरून पडून.’

“पडून नाही हो,” ताई मोठ्या बाईंना म्हणाली. “पडल्यावर हाड तडकतं. ही दोन भोकं दातांची आहेत.”

खोलीच्या प्रमुख त्या. त्यांनी भिंगातून मला पाहिलं, मग ताईचं मनगट. बाही वर सरकली होती.

“आणि हे?”

“जिन्यात पडले.”

“चार बोटांचा जिना मी पहिल्यांदाच बघतेय गं.”

ताईनं बाही खाली ओढली.

दोनच दिवसांनी तो जिना दारातून आत आला. “फोन का उचलत नाहीस?” म्हणत नवऱ्यानं तिचे केस धरले आणि डोकं टेबलावर आपटलं. ट्रे उडाला. फरशीवर माझे तीन तुकडे झाले. मोठ्या बाई स्टूल उगारून मध्ये घुसल्या, शिपायांनी त्याला दाबून धरलं.

“घरचा मामला आहे! पाय घसरला तिचा!” तो ओरडत होता.

कपाळावरचं रक्त पुसत ताईनं आधी माझे तुकडे वेचले. मग कार्डावरचं ‘पडून’ खोडून लिहिलं, ‘मारली गेली.’ पोलीस आले तेव्हा म्हणाली, “माझंही लिहून घ्या. मी कधीच पडले नव्हते.”

आता मी काचेत आहे, दोन ठिकाणी चिकटवलेली. ताई बहिणीकडे राहते. परवा अर्ध्या बाह्यांत आली होती.

आलात तर माझी भोकं नीट बघा. आणि शेजारची कुणी ‘जिन्यात पडले’ म्हणालीच, तर खुशाल नाक खुपसा. कोणता जिना, विचारा. माझ्या वेळी विचारणारं कुणी नव्हतं.