तीन टनांचा संताप

मी लेथ बोलतोय, लोखंड कातणारं यंत्र. चाकणच्या शेडमधला, तीन टनांचा. आणि रागानं बोलतोय, कारण माझ्यावर खोटा आळ आलाय.

पंजाबातल्या बटाल्याच्या भट्टीत माझं ओतीव लोखंडाचं अंग घडलं. इथं आलो तेव्हापासून मला इनायतभाईंनी चालवलं. दापोडीहून यायचे, आधी माझ्यावरून फडकं फिरवायचे, मग डबा ठेवायचे.

मार्चमध्ये मालकांनी शेड बदलायचं ठरवलं. मला न्यायला क्रेन हवी होती.

"क्रेन कशाला? एवढी माणसं आहेत की! लावा पहारी," सुपरवायझर रविराज म्हणाला.

माणसं घामाघूम झाली. मी हललो नाही. माझ्या वजनामुळं जमिनीनं मला घट्ट धरलं होतं. जेवढा रेटा येई, तेवढाच ती अडवी.

"खाली ऑइल ओता! अजून जोर!"

"सर, थांबा, कुणाचा तरी पाय अडकेल," तपासणी विभागातली अंजली ओरडली. ऐकतो कोण?

आणि पकड सुटली. जड वस्तू जागची हलवायला जेवढा जोर लागतो, तेवढा ती सरकू लागल्यावर लागत नाही. उरलेल्या जोरानं मला पुढं फेकलं. पुढं इनायतभाईंचा पाय होता. त्यांचं हाड माझ्याखाली मोडलं. मला थांबता आलं नाही.

"मशीनच मनहूस आहे," रविराज म्हणाला, आणि मला लिंबू-मिरची बांधली. मला!

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पहारी घेऊन हजर. तेव्हा अंजली माझ्या पाठीला टेकून खाली बसली.

"क्रेन आल्याशिवाय कुणी हात लावणार नाही."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. त्यांचा तर पाय गेला."

फिटर संघर्ष तिच्याशेजारी बसला. मग एकेक करत सगळेच बसले. रविराजनं शिव्या घातल्या, मालकांना फोन लावला. कुणी उठलं नाही.

दुपारी क्रेन आली. पट्टे आवळले, हूक लागला. चहा निवायच्या आत मी ट्रकवर होतो. एवढंसं काम होतं हो! एवढ्यासाठी एका माणसाचा पाय घेतलात?

आता नव्या शेडमध्ये संघर्ष मला चालवतो. परवा इनायतभाई कुबडी टेकत आले. माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझा काय दोष रे, बेटा?"

माझा राग निवला नाही. ज्यानं त्यांची माफी मागायची, तो रविराज केबिनचं दार लावून आत बसला होता.