पुन्हा पहिल्यापासून

वेदपठणात चुकीला एकच उपाय, असे काकांचे मत होते: पुन्हा पहिल्यापासून. पुतण्याचा एक स्वर घसरला, तरी सगळ्या वर्गादेखत ते त्याला अख्खे सूक्त नव्याने म्हणायला लावत. शेवटी "तुझा गळा यासाठी नाही" म्हणून त्यांनी त्याला हाकलले.

आता तो ध्वनिमुद्रण करी, आणि आवाज पुरता जाण्याआधी काकांना ते सूक्त मुद्रित करून हवे होते.

"स्वर उतरला, काका. पहिल्यापासून."

"अरे, यंत्रात दुरुस्त होत नाही का?" काकांचा घसा बसत चालला होता.

"होतं की. पण तुमच्याकडे कुठे होती अशी सवलत?"

काका पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले. या खेपेस पडद्यावरची स्वररेषा शेवटपर्यंत निर्दोष उमटली. पुतण्याने ती नीट तपासली आणि पुसून टाकली.

"पहिल्यापासून, काका."