शेवटी बोलणारी

"माझं नाव कुणाला विकलंस रे, मुबिता?"

सिताली मासेवालीने दारातूनच विचारलं. डोक्यावरची टोपलीही उतरवली नाही. मुबिता फडक्याने संगणकावरची वाळू पुसत होता. आफ्रिकेतल्या या मोंगू गावात वाळू कशातही शिरते. मिशनच्या खोलीतल्या त्या एकुलत्या एका संगणकावर तर तिचा फार जीव.

"विकलं नाही, वहिनी. त्यांनी खोडलं."

"का? मी मेले होते?"

"आपण सगळ्यांनी पत्ता एकच दिला ना. मिशनची टपालपेटी."

"मग दुसरा कुठला देणार? नदीकाठच्या माझ्या झोपडीवर पोस्टमन येतो?"

मुबिता पुन्हा वाळू पुसू लागला.

जगभरच्या इंटरनेटचा कारभार पाहणारी एक संस्था होती. तिच्या मंडळावर आफ्रिकेतून एक माणूस जायचा होता, आणि तो लोकांनी संगणकावरून मत देऊन निवडायचा होता. मुबिताने आयुष्यभर टेलिफोनच्या तारा ओढल्या. पुराने नदीकाठचं मैदान बुडालं की खांब कलायचे आणि तो होडीतून जाऊन ते सरळ करायचा. वरच्या साहेबांना मात्र वाटायचं, मोंगूची माणसं आळशी, म्हणून लाइन बंद. वर आपलं दुखणं जाणणारं कुणीतरी बसावं, एवढीच त्याची इच्छा. म्हणून थंडीत वाडी-वाडी हिंडून त्याने लोकांना गोळा केलं, एकेकाचं नाव संगणकात घातलं.

मतासाठी लागणारा गुप्त आकडा टपालाने यायचा होता. आला तो फक्त इनोंगे आजीचा. तिचं नाव सगळ्यांत आधी घातलं होतं. बाकीच्यांसाठी निरोप आला: एका टपालपेटीवर इतकी माणसं खरी असू शकत नाहीत, सबब नावं रद्द. मुबिताने पुन्हा पुन्हा लिहून कळवलं. उत्तर तेच, शब्दही तेच.

तेव्हापासून तो बाजारात गेला की बाकावरचे लोक बोलणं थांबवत. त्याला जागा देत, पण नमस्काराच्या टाळ्या वाजवत नसत.

आज मतदानाचा शेवटचा दिवस. पाचला सगळं बंद होणार होतं. एक मत उरलं होतं, आणि तेवढं तरी पोचावं यासाठी तो सकाळपासून लाइन लावत बसला होता.

ती लागली तेव्हा ऊन कललं होतं. इनोंगे आजी बैलांच्या बिनचाकी घसरगाडीतून उतरली. मागून नावं खोडलेली सगळी माणसं आली. सकाळपासून बाहेर उन्हात थांबलेली सितालीही आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली, टोपलीसकट.

मुबिताने आकडा घातला. पडद्यावर उमेदवारांची नावं उमटली.

"आजी, कुणाला द्यायचं सांगा. कुठे दाबायचं ते मी दाखवतो."

आजीने मागे वळून पाहिलं. "मी आधी कशी बोलू? धाकटे बोलू देत."

सरदारांच्या सभेत, कुटात, रीतच तशी. धाकटा आधी बोलतो, थोरला शेवटी. थोरल्याने आधी तोंड उघडलं तर बाकीचे मनातलं बोलतच नाहीत.

"आजी, ही कुटा नाही. मत तुमचं एकटीचंच आहे. यांची नावं खोडलीत."

"त्यांनी खोडली. मी कुठे खोडली?"

"हे पान फार वेळ थांबत नाही. आणि आपली लाइन तर तुम्हाला ठाऊकच आहे."

"मग पटापट बोला रे," आजी लोकांना म्हणाली.

शिंपी कामोना सगळ्यांत धाकटा. तो खाकरला. "माझं मत मुतिन्ता बाईंना."

"ती तोंगा जमातीची?" कुणीतरी ओरडलं. "त्यांना गुरांपलीकडे काही दिसतं का?"

"तुमच्यासारखे मासे तरी चोरत नाहीत!"

खोली हसली; दोन जमातींमधली ही जुनीच थट्टा. मुबिता हसला नाही. कौल कुठे जाणार हे त्याला दिसत होतं. त्याने नुसतं बोट दाबलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. बोट बटणावरच होतं.

एकेक जण बोलत गेला. सितालीची पाळी आली तेव्हा तिने टोपली खाली ठेवली, हात पुसले.

"मी बोलते म्हणजे मी आहे. एवढं त्यांना कळू दे. मुतिन्ता."

ती बोलत असतानाच संगणकाला टेलिफोनशी जोडणाऱ्या डबीवरचा दिवा विझला. मुबिताने हळूच फोन उचलून कानाला लावला. आत काही नव्हतं. त्याने तो जागेवर ठेवला. म्हातारे अजून बोलायचे होते. ते बोलले, सावकाश, बापजाद्यांची नावं घेत. मिशनच्या घंटेने पाच वाजल्याचं सांगितलं.

मग इनोंगे आजी उठली. "मुतिन्ता."

लोकांनी ओंजळ करून हलक्या टाळ्या वाजवल्या. कुटात निर्णय झाला की वाजवतात तशा. आजीने त्याने दाखवलेल्या जागी बोट दाबलं.

"पोचलं?"

"नाही, आजी. लाइन गेली."

"कधी?"

"सिताली वहिनी बोलत होत्या तेव्हा."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"अजून माणसं बोलायची होती."

आजीने बोट काढून घेतलं. मग कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन गाडीकडे निघाली. माणसं तिच्यामागून पांगली.

मुबिताने संगणकावर कापड ओढलं. वळून पाहिलं तर सिताली अजून तिथेच होती.

"टोपलीला हात लाव," ती म्हणाली.

त्याने दोन्ही हातांनी टोपली उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. मासे दिवसभर उन्हात राहून कडक झाले होते. एकही विकला गेला नव्हता.